घरातील एक व्यक्ती, दहा सत्रं

उल्हासनगरच्या टेकचंदभाईंची कंबर सलग एकवीस वर्षं प्रमोद शेजवळांच्या ताब्यात होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी अंबरनाथ पूर्वेहून स्कूटरवर निघायचं, फर्निचरच्या दुकानामागच्या घरात शिरायचं, टेकचंदभाईंना पालथं पाडायचं आणि पाऊण तासाने परत उभं करायचं. कारखान्याची नोकरी होती तेव्हा पाळ्या सांभाळून हे चाललं, नोकरी संपल्यावर बिनपाळीचं चाललं. त्यामुळे एका मंगळवारी टेकचंदभाईंच्या सुनेने दारातच, "अंकल, आज से दूसरा आदमी आता है," असं सांगितलं, तेव्हा शेजवळांना क्षणभर वाटलं, टेकचंदभाई गेले.

टेकचंदभाई गेले नव्हते. ते आत पालथे पडले होते आणि त्यांच्या पाठीवर काळा टी-शर्ट घातलेला कोणी एक इसम वाकला होता. टेकचंदभाईंनी मान जमेल तेवढी वळवली आणि पालथ्या माणसाला जेवढं ओशाळता येतं तेवढं ओशाळून म्हणाले, "साईं, बुरा मत मानना. बेटे ने ॲप से बुलाया. इसके पास सर्टिफिकेट है. पहले पूछता है, फिर हाथ लगाता है."

शेवटचं वाक्य शेजवळांच्या जिव्हारी लागलं. एकवीस वर्षांत त्यांनी टेकचंदभाईंना काहीही विचारलं नव्हतं, हे खरं होतं. पण विचारायचं काय त्यात? कंबर समोर दिसत होती.

अशा प्रसंगी माणूस घरी जातो आणि बायकोला सांगतो. शेजवळही घरी गेले. कुलूप काढलं, पंखा लावला, आणि मग आठवलं की सांगायला घरात कोणी नाही. हे त्यांना रोज नव्याने आठवायचं. यशोधराबाई अकरा महिन्यांपूर्वी बंगळूरला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. तीन महिन्यांसाठी. मग बाळ मान धरेपर्यंत, मग बाळ बसेपर्यंत, मग लेकीची, रिद्धीची, रजा संपली म्हणून. आता नात रांगत होती, आणि रांगणाऱ्या मुलीला सोडून कोण येतं? रोज संध्याकाळी सात वाजता फोनवर चित्र यायचं. त्यात नातीची टाळू दिसायची, कधी छताचा पंखा, आणि कधी कडेला यशोधराबाईंचा अर्धा चेहरा. शेजवळ त्या अर्ध्या चेहऱ्याशी बोलायचे. "जेवलात?" "जेवलो." "काय?" "भाजी." पुढे नात फोन चाटायची आणि बोलणं संपायचं.

पंख्यावरून या दोघांचं तीस वर्षं भांडण होतं. यशोधराबाईंना दोनवर हवा असायचा, शेजवळांना चारवर. आता तो पाचवर ठेवला तरी विचारणारं कोणी नव्हतं. शेजवळ दोनवर ठेवायचे. रेग्युलेटर पुढे फिरत नाही, असं त्यांनी बिल्डिंगमधल्या कौसाबाईंना सांगितलं होतं. खोटं होतं ते.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी धर्मराज मोहिते यांनी त्यांना जिन्यात गाठलं. धर्मराज तहसील कचेरीतून निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांच्यातून अजून निवृत्त झालेली नव्हती. "जयभीम शेजवळ," ते म्हणाले. "आपणांस एक परिपत्रक अग्रेषित केलं आहे. अवलोकन व्हावं." परिपत्रक म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरणारी एक जाहिरात होती. बदलापूरला, कात्रपमधल्या एका फिजिओथेरपी सेंटरने मालिश करणाऱ्यांसाठी अभ्यासक्रम काढला होता: रुग्णसेवा आणि स्वास्थ्य, सहा रविवार, शेवटी प्रमाणपत्र.

अठ्ठावन्नाव्या वर्षी दप्तर घेऊन जायचं म्हणजे अपमानच. पण काळ्या टी-शर्टाचा अपमान ताजा होता, आणि रविवारची दुपार कशी घालवायची हा प्रश्न तर अकरा महिने जुना. शेजवळांनी नाव नोंदवलं.

पहिल्या रविवारी वर्गात अकरा जण होते. शिकवणाऱ्या डॉक्टर हिमानी मॅडम जेमतेम रिद्धीच्या वयाच्या, पण आवाज मुख्याध्यापिकेचा. पहिला तास हात धुण्यावर गेला. शेजवळांना वाटलं, आपण हात धुऊनच जन्माला आलो आहोत, पण चाळीस सेकंद धुवायचे असतात आणि अंगठा विसरायचा नसतो हे कळल्यावर ते गप्प बसले. दुसऱ्या तासाला मॅडमनी फळ्यावर एकच शब्द लिहिला: संमती.

"पेशंटला हात लावण्याआधी विचारायचं. कुठे दुखतं, किती दिवसांपासून, आणि मी हात लावू का. रोज विचारायचं. ओळखीचा असला तरी."

शेजारी बनूबाई बसल्या होत्या. जांभूळ गावच्या, सत्तरीच्या आसपास. बदलापूरची निम्मी बाळं आणि त्यांच्या आया त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. सुनेने आग्रहाने त्यांना पाठवलं होतं, कारण नव्या कॉम्प्लेक्समधल्या बायका आता कागद मागत होत्या. बनूबाईंनी हात वर केला. "मॅडम, मी काय इचारू त्याला? दोन मयन्याचा पोर हाय."

"आईला विचारायचं, आजी. आणि बाळाकडे बघायचं. त्याने मूठ आवळली, अंग ताठ केलं, तर थांबायचं."

"तवा मी थांबतेच की," बनूबाई म्हणाल्या. "त्याला नाव हाय ते ठाव नव्हतं."

मग मॅडमनी जोड्या लावल्या. एकाने पेशंट व्हायचं, दुसऱ्याने विचारायचं. शेजवळ पेशंट झाले. टेबलावर पालथे पडले, तोंड टेबलाच्या भोकात घातलं, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आयुष्यात आपण या बाजूने कधी पडलोच नाही.

"कुठं दुखतंय भाऊ?" बनूबाईंनी विचारलं.

शेजवळांनी भोकातूनच मान हलवली.

"काका, पेशंटने बोलायचं आहे," मॅडम म्हणाल्या.

"कुठंच नाही दुखत."

"किती दिसांपासून?" बनूबाईंनी मॅडमनी सांगितलेला पुढचा प्रश्न विचारला. वर्ग हसला. शेजवळही हसायला गेले. "हात लावू का?" बनूबाईंनी विचारलं, आणि शेजवळ "हो" म्हणाल्यावर त्यांनी दोन खांद्यांच्या मधोमध तळवा नुसता टेकवला. चोळलं नाही, दाबलं नाही. अकरा महिन्यांत शेजवळांच्या अंगाला कुणाचा हात लागला नव्हता, न्हाव्याचा सोडला तर. भोकातून फरशी दिसत होती. ती बघता बघता अंधुक झाली.

उठल्यावर त्यांनी रुमाल काढला. "डोळ्यात तेल गेलं," ते म्हणाले. तेलाची बाटली अजून उघडलेलीच नव्हती.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. घोटाळा पाचव्या रविवारी झाला. त्या दिवशी मॅडमनी प्रत्येकाला एक नोंदवही दिली. सहावा रविवार संपल्यावर चार आठवड्यांत ती पूर्ण करून आणायची, त्याशिवाय प्रमाणपत्र नाही. वहीवर लिहिलं होतं: घरातील एक व्यक्ती, दहा सत्रं. प्रत्येक सत्राआधी विचारपूस, संमतीची सही, आणि सत्रानंतर त्या व्यक्तीने अभिप्राय एकांतात लिहून पाकिटात बंद करायचा. पाकीट फोडायचा अधिकार फक्त मॅडमचा.

"घरातलीच का?" शेजवळांनी विचारलं.

"कारण बाहेरच्यांना आपण विचारायला शिकतो, काका. घरातल्यांना विचारत नाही."

"माझ्या घरात कोणी नाही."

मॅडमनी सहानुभूतीने वहीचं शेवटचं पान उघडून दाखवलं. 'घरातील व्यक्ती उपलब्ध नसल्यास कारण' असा रकाना होता आणि पुढे तीन चौकोन: मृत्यू, घटस्फोट, अन्य. अन्य असल्यास पुरावा जोडावा. मग शेजारी चालेल.

बायको लेकीकडे गेली आहे याचा पुरावा काय देणार? शेजवळ धर्मराजांकडे गेले. धर्मराजांचा चेहरा उजळला. निवृत्तीनंतर कुणी त्यांच्याकडे दाखला मागितला नव्हता. त्यांनी चष्मा पुसला, मजकूर जुळवला, टाइप केला, शिक्का मारला, फोटो काढला, आणि शेजवळांना पाठवायचा तो सोसायटीच्या ग्रुपवर पाठवला.

"प्रमाणित करण्यात येते की," छप्पन्न कुटुंबांनी वाचलं, "सदनिका क्रमांक २०३ चे धारक श्री. प्रमोद शेजवळ यांच्या पत्नी श्रीमती यशोधरा ह्या मागील बारा महिन्यांपासून पतीसोबत राहत नसून, त्यांच्या परत येण्याबाबत कोणतीही निश्चित तारीख सोसायटीस कळविण्यात आलेली नाही. सबब श्री. शेजवळ यांना मालिशसाठी घरात कोणीही उपलब्ध नाही. करिता दाखला देण्यात येत आहे."

अर्ध्या तासात खालच्या मजल्यावरच्या कौसाबाई भाकरी आणि बोंबलाची चटणी घेऊन वर आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे गेलेल्या, पण दुःखाच्या प्रसंगी जिना चढायच्या. "पोरा, या वयात कसली भांडणं रे," असं म्हणून त्या सोफ्यावर बसल्या आणि दीड तास उठल्या नाहीत. समोरच्या बिऱ्हाडातल्या गृहस्थांनी उल्हासनगर कोर्टातल्या आपल्या वकिलाचा नंबर देऊ केला, आणि स्वतःचा अनुभव सांगताना ते इतके रडले की शेजवळांनाच त्यांना पाणी द्यावं लागलं. रविवारी बुद्धविहारात वंदना झाल्यावर ज्येष्ठ मंडळींनी समेटासाठी तिघांची समिती नेमल्याचं कळलं. समितीचे अध्यक्ष धर्मराज होते. आपल्याच दाखल्याने ते कमालीचे व्यथित झाले होते.

शेजवळ प्रत्येकाला सांगत होते, तसं काही नाही. पण तसं काही नाही, हे माणूस जितक्यांदा सांगतो तितकं लोकांना तसं काहीतरी वाटू लागतं. आणि खरं म्हणजे सांगता सांगता त्यांचाही धीर सुटत चालला. परत येण्याबाबत कोणतीही निश्चित तारीख कळविण्यात आलेली नाही. धर्मराजांच्या या एका ओळीत चूक कुठे होती?

संध्याकाळी सातला फोन आला. आज नात नव्हती. पूर्ण चेहरा होता. यशोधराबाई तेहतीस वर्षं नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि चूक सापडली की त्यांची डावी भुवई वर जायची. ती वर होती.

"तो दाखला वाचला," त्या म्हणाल्या. "'सबब' चुकीच्या ठिकाणी आहे. आणि मी पळून गेले, हे मला कौसाबाईंनी का सांगावं? तुम्ही नाही का सांगायचं?"

शेजवळांनी सगळं सांगितलं. टेकचंदभाई, काळा टी-शर्ट, वही, तीन चौकोन. यशोधराबाई हसल्या, बऱ्याच हसल्या. मग थांबून म्हणाल्या, "परत यायची तारीख सोसायटीला कळवायची असते का?"

"छे. तशी काही गरज नाही."

सोसायटीला गरज नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. मला आहे. पण हे वाक्य तोंडापर्यंत येईस्तोवर मागून नातीचं रडणं ऐकू आलं आणि चेहरा जाऊन छताचा पंखा आला.

दाखला जोडला आणि शेजारी चालेल असं ठरलं. कौसाबाईंनी उमेदवारी स्वतःहून जाहीर केली. शेजवळांनी चाळीस सेकंद हात धुतले, वही उघडली आणि विचारलं, "पूर्वी काही आजार?" कौसाबाईंनी गोवरापासून सुरुवात केली. पहिल्या दुपारी त्या लग्नापर्यंत आल्या. दुसऱ्या दुपारी तिसऱ्या बाळंतपणापर्यंत. तिसऱ्या दुपारी त्यांच्या नवऱ्याचा कारखान्यातला अपघात आला, तेव्हा शेजवळांनी चहा केला. "फार मोकळं वाटलं बघ," असं म्हणून कौसाबाई गुडघ्याला हातही लावू न देता खाली निघून गेल्या. "मालिश नको. इचारलंस तेच पुष्कळ झालं." वहीत सत्र एकही भरलं नाही.

मग धर्मराजांनी परिमार्जन म्हणून स्वतःची पाठ देऊ केली. धर्मराजांना गुदगुल्या होतात ही बाब त्यांनी विचारपुशीत 'निरंक' म्हणून नोंदवली होती. पहिला हात लागताच ते असे उसळले की दिवाणावरून थेट खाली, आणि जाताना त्यांनी टीपॉयही बरोबर नेला. मान आखडली. पुढचे तीन आठवडे ते गळ्यात पट्टा घालून फिरत होते आणि विचारणाऱ्याला "शेजवळांच्या घरगुती प्रकरणात मध्यस्थी करताना" असं सांगत होते.

दोन आठवडे उरले होते. शेजवळ कात्रपला गेले आणि वही मॅडमच्या टेबलावर ठेवली. "मला नाही जमत."

मॅडमनी दाखला वाचला, दोनदा वाचला, ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाल्या, "काका, काकू फोनवर असतात ना रोज? विचारपूस फोनवर घेतली तरी चालेल मला. सत्रं मात्र प्रत्यक्षच. पुढचं तुम्ही बघा."

त्या संध्याकाळी शेजवळांनी फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि वहीचं पान समोर घेतलं. "यशोधरा, तुला कुठे दुखतं का?"

"का? काय झालं?"

"फॉर्म आहे."

"अच्छा. फॉर्म आहे." त्यांनी नातीला रिद्धीकडे दिलं. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "लिहा. उजवा खांदा. मुलीला उचलून उचलून. पण तो आधीपासूनच होता, फळ्यावर लिहून. डाव्या हाताचं मनगट. मान, रात्री कूस बदलताना. आणि टाचा."

"टाचा कधीपासून?"

"शाळा तिसऱ्या मजल्यावर गेली तेव्हापासून. दोन हजार नऊ."

शेजवळांचं पेन थांबलं. दोन हजार नऊपासून ते यशोधराबाईंच्या दहा पावलं पुढे चालत आले होते. बाजारात, लग्नाकार्यात, स्टेशनच्या पुलावर. ही वाटेत लोकांशी बोलत मागे राहते अशी त्यांची समजूत होती, आणि पुलाच्या टोकाशी थांबून "चल की" असं ते ओरडायचे.

"बोलली नाहीस कधी."

"तुम्ही दमून यायचात. दहा जणांची अंगं रगडून आलेल्या माणसाला अकरावं काय सांगायचं?"

विचारपूस पन्नास मिनिटं चालली. पानाच्या दोन्ही बाजू भरल्या, समासही भरला. इतकं सलग ते दोघं गेल्या काही वर्षांत बोलले नव्हते, ती समोर होती तेव्हाही. फोन ठेवून शेजवळांनी ते पान तीनदा वाचलं. मग कपाटावरून बॅग काढली.

जायचं म्हटल्यावर नियमाप्रमाणे टेबल हवं, कारण वहीत टेबलाची उंची लिहायची होती. उल्हासनगरच्या बाजारातून घेतलेलं आपलं घडीचं टेबल त्यांनी बरोबर घेतलं. येतोय हे कळवलं नाही. कळवलं असतं तर यशोधराबाई "कशाला एवढा त्रास" म्हणाल्या असत्या, आणि ते थांबले असते. कल्याणहून बंगळूरच्या गाडीत चढताना टेबल एकदा दारात अडकलं आणि एकदा एका गृहस्थाच्या पोटात. त्याबद्दल विस्ताराने लिहिण्यासारखं आहे, पण पुढे याहून वाईट घडलं.

रिद्धीच्या वसाहतीच्या फाटकावर सुरक्षारक्षकाने टेबलाकडे बोट दाखवलं. "अंकल, ये क्या है?"

"मसाज का टेबल."

रक्षकाने मोबाइलवर त्याचं बटण दाबलं. पाहुणा, सामान, टॅक्सी, सेवा, अशा चार रकान्यांतला शेवटचा. वर, अकराव्या मजल्यावर, रिद्धी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. तिच्या फोनवर संदेश आला: मसाजसेवा फाटकावर आली आहे, आत सोडायची का? रिद्धीने 'नाही' दाबलं. रक्षकाने पुन्हा विचारलं. रिद्धीने पुन्हा 'नाही' दाबलं आणि तिसऱ्यांदा संदेश येऊ नये अशीही व्यवस्था केली. शेजवळांनी तिला फोन लावला, उचलला नाही. यशोधराबाईंना लावला. नात झोपली की त्या फोनचा आवाज बंद करून ठेवायच्या.

"मैं उसका बाप हूँ," शेजवळ म्हणाले.

"अंकल, ऐसा बहुत लोग बोलते हैं," रक्षक नम्रपणे म्हणाला आणि त्यांना सावलीत बसायला सांगितलं.

शेजवळ घडी घातलेल्या टेबलावर बसून राहिले. टेकचंदभाईंनी टाकलं, आता पोटच्या लेकीने बटण दाबून टाकलं. आत बाग होती, झोके होते, कुत्र्यांना फिरवणारी माणसं होती. शेजवळ फाटकाच्या जाळीतून बघत राहिले. चाळीसेक मिनिटांनी वळणावरून एक बाई कडेवर मूल घेऊन येताना दिसली. फार हळू चालत होती. चार पावलं टाकायची, थांबायची, मुलाला फूल दाखवायची, पुन्हा चार पावलं. फूल हे थांबायचं निमित्त आहे, हे शेजवळांना लांबून कळलं. आणि मग ती बाई यशोधराबाई आहेत हेही कळलं. आधी टाच ओळखू आली, मागाहून चेहरा.

त्यांनी हाक मारली नाही. पहिल्यांदाच ती पोहोचेपर्यंत ते उभे राहिले.

यशोधराबाईंनी आधी टेबलाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. भुवई वर गेली आणि तिथेच राहिली. "किती वेळ झाला?"

"आत्ताच आलो."

"चाळीस मिनट से बैठे हैं," रक्षक म्हणाला. "इनका नाम क्या लिखूँ, आंटी? मसाज ही रहने दूँ?"

"पाहुणे लिहा," यशोधराबाई म्हणाल्या. रक्षकाला मराठी कळत नव्हतं, पण फाटक उघडलं.

रिद्धीने वडिलांची माफी मागितली, मग हसली, मग पुन्हा माफी मागितली. जावई अनीशने दिवाणखान्यातला सोफा सरकवून टेबलाला जागा केली. दुसऱ्या दिवशी दुपारी, नात झोपल्यावर, पहिलं सत्र सुरू झालं. यशोधराबाईंनी संमतीपत्र पूर्ण वाचलं, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चार चुका दुरुस्त केल्या आणि सही केली. शेजवळांनी हात धुतले.

"हात लावू का?"

"सही केली ना."

"तोंडाने सांगायचं असतं. रोज."

यशोधराबाईंनी तोंड फिरवलं. "लावा," त्या भिंतीला म्हणाल्या.

एकवीस वर्षांत शेकडो पाठी हाताखालून गेल्या, पण शेजवळांचे हात असे कधी बिचकले नव्हते. खांद्याची गाठ त्यांना लगेच सापडली. फळ्याची तेहतीस वर्षं आणि नातीचे बारा महिने एका सुपारीएवढ्या जागेत बसले होते. ते घाई न करता काम करत राहिले. टाचांपर्यंत आले तेव्हा यशोधराबाईंचा श्वास बदलला होता. झोपल्या होत्या. पेशंट जागा होईपर्यंत बाजूला जायचं नाही, असा मॅडमचा नियम होता. शेजवळ स्टुलावर बसून राहिले. मधे नात उठली, रिद्धी तिला उचलून आतल्या खोलीत घेऊन गेली. अनीशचा मित्र आला, त्याला दारातूनच परत पाठवण्यात आलं. पाऊण तासाचं सत्र अडीच तास चाललं. जागं होताच यशोधराबाई आधी घाबरल्या, मग घड्याळ बघून ओशाळल्या, आणि म्हणाल्या, "उठवायचं नाही का?"

"नियम नाही."

दहा दिवस, दहा सत्रं. रोज विचारायचं, रोज "लावा." चौथ्या दिवसापासून ते उत्तर भिंतीला न मिळता शेजवळांना मिळू लागलं. सातव्या दिवशी दोघं खाली बागेत गेले आणि शेजवळ दहा पावलं मागे चालले, इतके मागे की यशोधराबाईंनी वळून "चला की" म्हटलं. तारखेचा विषय मात्र कुणीच काढला नाही. रिद्धीला पाळणाघर मनासारखं मिळत नव्हतं, अनीशच्या आईची तब्येत ठीक नव्हती, आणि नात आजीला बघितल्याशिवाय घास घेत नव्हती. हे सगळं शेजवळांना दिसत होतं. दिसल्यावर विचारायचं कसं? अंबरनाथहून त्यांच्या पेशंटांचे फोन येत होते. वही जमा करायचा रविवार जवळ आला. दहावं पाकीट बंद करून यशोधराबाईंनी त्यांच्या हातात दिलं, आणि ते टेबल घडी करून एकटे निघाले.

रविवारी कात्रपला सगळे जमले होते. बनूबाईंनी सुनेवर दहा सत्रं केली होती आणि सुनेने दहाही कागदांवर फुलं काढली होती. मॅडमनी शेजवळांची पाकिटं एकेक फोडली. नऊ कागदांवर शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात एकच शब्द होता: समाधानकारक. दहावा कागद मॅडमनी जरा जास्त वेळ वाचला.

"काका, सूचनेच्या रकान्यात काकूंनी लिहिलंय, 'हात चांगला आहे. थोडा लवकर यायला हवा होता.'" मॅडमनी मान वर केली. "सत्रं उशिरा सुरू करायचात का तुम्ही?"

बनूबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

"हो," ते म्हणाले.

"किती उशीर व्हायचा?"

"बराच."

"वक्तशीरपणाचे दोन गुण कापावे लागतील. चालेल?"

"बरोबर आहे, मॅडम."

प्रमाणपत्र मिळालं. धर्मराजांनी पट्ट्यातली मान न हलवता ते पाहिलं आणि ग्रुपवर टाकलं. समिती यशस्वी झाल्याचंही टाकलं. संध्याकाळी सात वाजले, फोन आला. पूर्ण चेहरा होता.

"पास झालो," शेजवळ म्हणाले. "दोन गुण गेले. वेळेवर न आल्याबद्दल."

यशोधराबाईंच्या मागे कुठेतरी नात एकटीच बडबडत होती. शेजवळांनी फोन थोडा जवळ घेतला आणि वर्षभर पोटात ठेवलेलं ते एकदाचं बाहेर काढलं.

"कधी येतेस?"

"उजवा खांदा परत धरलाय," यशोधराबाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तुम्ही स्टेशनला निघालात ना, तेव्हापासून."